फ्रेडी मर्क्युरीचे चरित्र आणि त्याचे चाहते

क्वीन या इंग्रज रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये वारला, तेव्हा त्याचे वय अवघे ४५ वर्षांचे होते. तेव्हापासून त्याची चरित्रे निघतच आहेत. काही सोबत राहिलेल्यांनी लिहिली, काही खासगी मदतनीसाने, काही पत्रकारांनी. २०१८ साली चरित्रपट आला. २०२५ साली निघालेल्या एका पुस्तकाने तर त्याला एक गुप्त मुलगी होती, असाही दावा केला. त्याची आयुष्यभराची सखी मेरी ऑस्टिन हिने या दाव्यावर उघड अविश्वास दाखविला आहे. आम्ही त्या भानगडीत शिरत नाही. आमच्या बडोद्यात या बँडचे चाहते थोडेथोडके नाहीत, आणि ते सगळेच काही कॉलेजात जाणारे नाहीत. पेन्शनीला आलेली मंडळीही त्यांत आहेत. चार चाहते एकत्र जमले की गाण्यापेक्षा चरित्रावर बोलणे अधिक होते, आणि आवाज चढतात. फय्याजखाँसाहेबांच्या या गावाला गवयांवरून हमरीतुमरीवर येणे नवे नाही. म्हणूनच हा वाद आम्ही कौतुकाने ऐकतो. आम्हांस रॉक संगीताचा दणदणाट फारसा मानवत नाही, हेही येथेच सांगून टाकतो. पण माणसाचे चरित्र कसे सांगावे हा प्रश्न काही त्या दणदणाटापुरता नाही.

पहिले भांडण असते ते तो आपला की परका, यावर. त्याचे खरे नाव फारोख बुलसारा. बुलसारा म्हणजे बुलसरचा, आणि बुलसर म्हणजे आजचे वलसाड. मुंबईच्या गाडीत बसून सुरत गेली, पूर्वी आपल्या संस्थानात असलेली पारशांची नवसारी गेली, की पुढे हे गाव लागते. तेव्हा त्याच्या आडनावाचे मूळ आपल्या शेजारचे आहे, हे खरे. त्याचा जन्म मात्र ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर झाला. वडील तेथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा आईबापांनी त्याला बोटीने हिंदुस्थानात धाडले, आणि १९५५ साली तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात दाखल झाला. फ्रेडी हे नाव त्याला तेथेच मिळाले. पुढे १९६४ साली झांझिबारात क्रांती झाली, तेव्हा जीव मुठीत धरून देश सोडणाऱ्या अनेकांबरोबर हे कुटुंबही इंग्लंडात गेले.

एवढ्या भांडवलावर आपल्याकडील काही चाहते त्याला थेट महाराष्ट्रपुत्र करून टाकतात. लता मंगेशकरांच्या गायकीचा त्याच्या गळ्यावर संस्कार होता, असे छातीठोकपणे सांगणारेही आम्हांस भेटले आहेत. पाचगणीत आणि सुटीत मुंबईला नातेवाइकांकडे असताना हिंदी सिनेमाची गाणी त्याच्या कानांवर पडली असतील, यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कानांवर पडणे निराळे आणि गळ्यात उतरणे निराळे. त्याच्या कोणत्या गाण्यात, कोणत्या जागेत हा संस्कार दिसतो ते दाखवा, असे म्हटले की ही मंडळी घुटमळतात. उलट जे निश्चित ठाऊक आहे ते याहून कितीतरी लोभस आहे, पण त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. पाचगणीत तो पाश्चात्त्य पद्धतीने पियानो शिकला, चौथ्या इयत्तेपर्यंतच्या परीक्षा दिल्या. चित्रे काढी, बॉक्सिंग खेळे. शाळेतल्या पाच मुलांनी मिळून हेक्टिक्स नावाचा बँड काढला. शाळेच्या समारंभांत ते एल्व्हिस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवीत. मौज अशी की या बँडचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फारोख पियानोवर बसत असे. पुढे ज्याच्या एका हाकेसरशी लाखभर माणसे गाऊ लागत, तो शाळेत दुसऱ्याच्या गाण्याला साथ करीत होता.

झांझिबारकरांची गोष्ट आणखी वेगळी. २००६ साली त्याच्या साठाव्या जयंतीचा सोहळा तेथे ठरला होता, तो एका धार्मिक संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावा लागला. आणि पुढे २०१९ साली त्याच गावात त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. जन्मगावेही माणसाला आपल्या सोयीने आपला म्हणतात.

दुसऱ्या बाजूचे चाहते म्हणतात की त्याने स्वतःच आपले मूळ लपविले, मग आपण का उकरून काढावे? त्याने नाव बदलले, मुलाखतींतून बालपणाविषयी जवळजवळ बोललाच नाही, हे खरे आहे. पण तो काळ लक्षात घ्यावा. हे कुटुंब इंग्लंडात आल्यावर चार वर्षांनी, १९६८ साली, एनॉक पॉवेल या पुढाऱ्याने बाहेरून आलेल्या काळ्या-सावळ्या लोकांविरुद्ध आपले कुप्रसिद्ध भाषण केले. रस्त्यात आशियाई माणूस दिसला की त्याला शिवी हासडावी, असे ते दिवस. अशा दिवसांत रंगमंचावर उभे राहू पाहणाऱ्या तरुणाने आपली ओळख आपण घडविली, याला लपविणे म्हणावयाचे असेल तर म्हणावे. त्याचा अंत्यविधी मात्र झरथुष्ट्री धर्मगुरूंच्या हस्ते झाला. आईवडील तेव्हा हयात होते. घर आणि रंगमंच यांच्यामध्ये त्याने आयुष्यभर एक दार ठेवले होते, आणि ते कधी उघडावे कधी लावावे हे तोच ठरवीत असे, एवढेच यातून दिसते.

आवाजाविषयीही अशीच अतिशयोक्ती चालते. त्याचा आवाज चार सप्तकांत फिरे, हे चाहत्यांचे जणू श्रद्धावाक्य आहे. २०१६ साली युरोपातील काही ध्वनिशास्त्रज्ञांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांचे मोजमाप घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार सप्तकांचा दावा त्यांना पुराव्याने सिद्ध करता आला नाही. बोलताना त्याचा आवाज सेकंदाला सुमारे ११७ कंपनांचा, म्हणजे खालच्या पट्टीचा, पाश्चात्त्य भाषेत बॅरिटोन जातीचा होता. गाणे मात्र तो उंच टेनर पट्टीत गाई. त्याच्या स्वरातला आंदोलनाचा वेग सेकंदाला सातच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या गवयांपेक्षा अधिक आणि काहीसा अनियमित भरला. आम्हांस हे सप्तकांच्या बढाईपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते. मूळ आवाज खालचा असता वर जाऊन गाणे आणि तेथे टिकून राहणे ही मेहनतीची गोष्ट आहे, हे आपल्या संगीतशाळेतला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

आता चित्रपटाकडे वळू. कारण आजच्या चाहत्यांपैकी पुष्कळांना चरित्र ठाऊक आहे ते त्याच्यावरूनच. २०१८ च्या या चित्रपटाला बँडच्या गाजलेल्या गाण्याचेच, ‘बोहेमियन रॅप्सडी’ असे नाव आहे. नायकाचे काम करणाऱ्या रामी मालेकला ऑस्कर मिळाले, गल्लाही प्रचंड जमला. त्याचा कळस आहे तो १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली मैदानावर झालेल्या ‘लाइव्ह एड’ या कार्यक्रमाचा. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी तो झाला होता. चित्रपटात असे दाखविले आहे की बँड फुटला होता, चौघे काही वर्षे एकमेकांचे तोंड पाहत नव्हते, मग फ्रेडीला आपल्याला एड्स झाल्याचे कळले, त्याने ते साथीदारांना सांगितले, चौघे पुन्हा जवळ आले आणि मरणाची सावली डोक्यावर घेऊन तो त्या दिवशी गायला.

प्रत्यक्षात यातले काय घडले? बँड फुटलाच नव्हता. १९८४ साली त्यांची ‘द वर्क्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली होती, १९८५ च्या जानेवारीत ब्राझीलमध्ये अफाट गर्दीपुढे ते वाजवून आले होते, आणि त्यांचा जगप्रवास मे महिन्यात जपानमध्ये संपला होता. म्हणजे वेम्बलीच्या आधी जेमतेम दोन महिने. फ्रेडीने स्वतःची वेगळी ध्वनिमुद्रिका काढली म्हणून बाकीचे दुखावले, असे चित्रपट सांगतो; पण ढोलकिया रॉजर टेलर याने तशी आपली वेगळी ध्वनिमुद्रिका १९८१ सालीच काढली होती. आणि रोगाचे निदान, त्याचा जोडीदार जिम हटन याने १९९४ साली लिहिलेल्या आठवणींप्रमाणे, १९८७ सालचे. वेम्बलीनंतर जवळजवळ दोन वर्षांनी.

चाहत्यांचा एक पक्ष म्हणतो, सिनेमा म्हणजे बखर नव्हे. कलावंताला इतकी मोकळीक नको का? मोकळीक अवश्य असावी. १९७७ चे गाणे चित्रपटात १९८० मध्ये जन्माला येते, १९७८ चे गाणे १९७४ च्या दौऱ्यात वाजते. याबद्दल चिडणाऱ्यांशी आमचे जमणार नाही. आपल्या ऐतिहासिक नाटककारांनी याहून मोठ्या उड्या मारल्या आहेत आणि आपण टाळ्या दिल्या आहेत. पण रोगाची तारीख मागे ओढणे ही निराळी जात आहे. तिच्यामुळे त्या वीस मिनिटांचा अर्थच बदलतो.

ती वीस मिनिटे कशी घडली? कार्यक्रमापूर्वी या चौघांनी लंडनमधील एक नाट्यगृह घेऊन कसून तालमी केल्या. प्रत्येक बँडला ठराविक वेळ होता, म्हणून घड्याळे समोर ठेवून गाणी कापली, जोडली, पुन्हा वाजविली. लांब गाण्याचे अर्धेच घ्यावयाचे, टाळ्यांचे गाणे त्याला जोडावयाचे, शेवटी सगळ्यांना पाठ असलेली दोन, असा क्रम बसविला. त्या दिवशी आलेल्या सुमारे ७२ हजार श्रोत्यांनी क्वीनसाठी म्हणून तिकिटे काढलेली नव्हती; इतर अनेक नामवंत तेथे होते. दिवसाउजेडी, आपल्या नेहमीच्या दिव्यांच्या झगमगाटाशिवाय, परक्या श्रोत्यांसमोर या मंडळींनी मैदान मारले ते पंधरा वर्षांच्या सवयीने आणि त्या काही दिवसांच्या तालमीने. हे कारागिरीचे यश होते. चित्रपटाने ते काढून घेऊन त्या जागी मरणाचा चमत्कार बसविला. ‘संयुक्त मानापमाना’च्या १९२१ च्या प्रयोगाविषयी आपल्याकडे ज्या आख्यायिका आहेत त्यांतही तालमीचा उल्लेख क्वचितच असतो, हे येथे आठवते. श्रोत्यांना घाम पाहवत नाही की काय कोण जाणे.

दुःख असे की हा खोटा क्रम परक्यांनी रचला नाही. गिटारवादक ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे दोघेही या चित्रपटाच्या निर्मितीत सहभागी होते. तेव्हा बँडच्या वारशाची चर्चा करताना, वारसच कधी कधी वारशाची मोडतोड करतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

वारसा म्हणजे एकट्या फ्रेडीचा गळा, असे मानणाऱ्यांशी आमचा वाद आहे. क्वीनमध्ये चौघेही गीतकार-संगीतकार होते, आणि चौघांचीही गाणी जगभर गाजली. ‘वी आर द चॅम्पियन्स’ फ्रेडीचे, ‘वी विल रॉक यू’ ब्रायन मेचे, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ जॉन डीकनचे आणि ‘रेडिओ गा गा’ रॉजर टेलरचे. एका बँडमधील प्रत्येकाने असे गाणे द्यावे, ही गोष्ट विरळा. यांतला एक खगोलशास्त्राचा विद्यार्थी. त्याने अर्धवट टाकलेला प्रबंध २००७ साली पुरा करून डॉक्टरेट मिळविली. एक इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. फ्रेडी स्वतः चित्रकला महाविद्यालयातला. बँडची मुद्राही त्यानेच रेखाटली, चौघांच्या राशी घेऊन. १९७५ ची ‘बोहेमियन रॅप्सडी’ जवळजवळ सहा मिनिटांची. एवढे लांब गाणे रेडिओ वाजविणार नाही, असे जाणत्यांनी बजावले होते. ते इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. तिघांनीच आपले आवाज एकावर एक इतक्या वेळा मुद्रित करून त्यातला समूहगायनाचा भाग उभा केला की फीत झिजून पारदर्शक होऊ लागली होती. २०२३ साली फ्रेडीच्या घरातील वस्तूंचा लिलाव झाला, त्यात या गाण्याची हस्तलिखित कच्ची पाने निघाली, आणि त्यांवर या गाण्याला त्याने आधी योजलेले ‘मंगोलियन रॅप्सडी’ हे नाव खोडलेले दिसले. कोटीच्या कोटी रुपये देऊन लोकांनी त्याचा पियानो आणि त्याचे कपडे नेले. आम्हांस त्या खोडलेल्या शब्दाचे मोल जास्त वाटते.

वारशात डागही आहेत, आणि ते आमच्या चाहते मित्रांना सांगितलेले आवडत नाहीत. १९८४ च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट असताना, जगातील कलावंतांनी तेथे जाऊ नये असा बहिष्कार असताना, क्वीनने सन सिटी येथे जलसे केले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या काळ्या यादीत त्यांचे नाव गेले, इंग्लंडमधील वादकांच्या संघटनेने दंड केला. राजकारणाशी आमचा संबंध नाही, आम्ही फक्त गातो, असा त्यांचा बचाव होता. आफ्रिकेत जन्मलेल्या आणि स्वतः गोरा नसलेल्या गायकाच्या बँडने हे करावे, याचा उलगडा कोणत्याही चरित्रात समाधानकारक झालेला आम्ही वाचलेला नाही. चित्रपटात तर त्याचा पत्ताच नाही.

फ्रेडीनंतर बँडने चालावे की थांबावे, यावर चाहते तासन् तास भांडतात. जॉन डीकन १९९७ नंतर निवृत्त होऊन गप्प बसला. उरलेल्या दोघांनी आधी पॉल रॉजर्स आणि मग अॅडम लॅम्बर्ट यांना घेऊन जलसे केले. ज्यांनी ती गाणी रचली त्यांना ती वाजविण्याचा हक्क आहे, यापलीकडे यात वाद घालण्यासारखे आम्हांस काही दिसत नाही.

याहून नाजूक प्रश्न आहे त्याच्या मौनाचा. आपल्याला एड्स झाला आहे हे त्याने जगाला सांगितले ते २३ नोव्हेंबर १९९१ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी. आधी सांगितले असते तर त्या रोगाने पिडलेल्या हजारोंना बळ मिळाले असते, असे काही चाहते म्हणतात. त्या वेळचे इंग्रजी वृत्तपत्रांचे वागणे पाहिले तर आम्हांस हा आग्रह कठोर वाटतो. घराच्या दाराशी छायाचित्रकार तळ देऊन बसलेले, खंगलेल्या चेहऱ्याची छबी मिळावी म्हणून टपलेले. आजाऱ्याने कोणाला काय सांगावे हा त्याचा प्रश्न आहे. पण त्याने पाळलेले मौन आणि चरित्रकारांनी पाळलेले मौन यांत फरक आहे, आणि येथे आपल्याकडील अभिमानी मंडळींना आम्हांस काही विचारावयाचे आहे. पाचगणीचा फारोख आमचा, असे तुम्ही म्हणता. त्याच्या शेवटच्या वर्षांत त्याच्याजवळ राहिलेला, त्याचे आजारपण काढलेला माणूस जिम हटन, व्यवसायाने न्हावी, जातीने आयरिश. तो त्याचा नवरा म्हणावा असा जोडीदार होता. बाहेरच्यांना तो माळी म्हणून सांगितला जाई. आपल्याकडील गौरवपर भाषणांत त्याचे नाव का येत नाही? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी हा चित्रपट आपल्या चित्रपटगृहांत लागला. चीनने २०१९ मध्ये त्यातील असे प्रसंग कापूनच तो दाखविला. आपण चित्रपट पाहतो आणि सांगताना तेवढे प्रसंग स्वतःच गाळतो. अर्धा माणूस आपला म्हणून घेण्यात कसला अभिमान आला?

आणि याच ठिकाणी चित्रपटाचे मोठे नुकसान कळते. वेम्बलीवर पडदा पाडावयाचा म्हणून निदान मागे ओढले. त्यामुळे निदानानंतरची खरी साडेचार वर्षे पडद्यावर आलीच नाहीत. त्या वर्षांत त्याने काय केले? माँसेरा काबाय्ये या स्पॅनिश ऑपेरा गायिकेबरोबर ‘बार्सिलोना’ ही ध्वनिमुद्रिका १९८८ साली पुरी केली. १९८९ साली ‘द मिरॅकल’. हे गाणे माझे, ते तुझे, हा मोबदल्यावरून होणारा तंटा संपविण्यासाठी चौघांनी या ध्वनिमुद्रिकेपासून सर्व गाण्यांखाली बँडचेच नाव घालण्याचे ठरविले. १९९१ च्या आरंभी ‘इन्युएन्डो’. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस तो एका गाण्याच्या चित्रणासाठी शेवटचा कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. प्रकृती किती ढासळली आहे ते दिसू नये म्हणून ते चित्रण कृष्णधवल प्रसिद्ध झाले.

त्याच मे महिन्यात स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे, सरोवराकाठच्या बँडच्या स्वतःच्या स्टुडिओत, तो येईल त्या दिवशी ध्वनिमुद्रण चाले. मला गाण्यासाठी काहीही लिहून द्या, मी गातो, पुढचे तुम्ही नंतर पुरे करा, असा त्याचा साथीदारांना तगादा असे. उभे राहवत नसे, तरी गाई. ‘मदर लव्ह’ हे गाणे त्याने आणि ब्रायन मेने मिळून रचले, आणि कडव्यामागून कडवे तो गात गेला. शेवटचे कडवे राहिले. थोडी विश्रांती घेऊन परत येतो, मग ते गाऊ, असे ठरले होते. ते झाले नाही. १९९५ साली ‘मेड इन हेवन’ या ध्वनिमुद्रिकेत हे गाणे प्रसिद्ध झाले, आणि त्यातले ते शेवटचे कडवे ब्रायन मेच्या आवाजात आहे.